तीन हजार माणसं आणि तीन स्टुडिओतली गाणी: सेलेनाच्या ‘लाइव्ह!’चं प्रकरण

७ फेब्रुवारी १९९३, रविवार. टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावरचं कॉर्पस क्रिस्टी शहर. तिथल्या मेमोरियल कोलिझियममध्ये प्रवेश फुकट होता आणि साधारण तीन हजार माणसं जमली होती. गायिका गावातलीच, एकवीस वर्षांची. साथीला तिचा भाऊ, बहीण, नवरा आणि वर्षानुवर्षं एकाच बसमधून फिरलेले वादक. त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण मे महिन्यात ‘लाइव्ह!’ या नावाने बाजारात आलं, आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट मेक्सिकन-अमेरिकन अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, संगीतातल्या बाईला मिळालेलं हे पहिलं ग्रॅमी. गायिकेचं नाव सेलेना किंतानिया.

या अल्बमवर मंचावरच्या गाण्यांसोबत तीन गाणी स्टुडिओत केलेली आहेत: ‘नो देबेस हुगार’, ‘ला यामादा’ आणि एमिलिओ नावायरासोबतचं युगुलगीत ‘तू रोबास्ते मी कोरासोन’. रेडिओसाठी सुटी काढलेली गाणी नेमकी हीच. म्हणजे मुखपृष्ठावर ‘लाइव्ह!’ असं उद्गारचिन्हासकट छापलेलं, पारितोषिक त्या अल्बमला, आणि गाड्यांमधून, स्वयंपाकघरांतून वाजत राहिली ती बंद खोलीतली गाणी. मेक्सिकन प्रादेशिक संगीतात, म्हणजे तेहानो, रांचेरा, मारियाची अशा प्रकारांत, मंच मोठा की स्टुडिओ हा वाद जुना आहे. तो वाद हवेत घालण्यापेक्षा या एका अल्बमवर घातला तर बरंच काही हाताला लागतं, म्हणून हे प्रकरण निवडलं.

आधी हे संगीत कुठून आलं ते पाहू. तेहानो म्हणजे टेक्सासमधले मेक्सिकन वंशाचे लोक, आणि त्यांचं संगीतही. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक शेतकरी टेक्सासात आले, त्यांच्याबरोबर अकॉर्डियन आणि पोल्का आला. मेक्सिकन वादकांनी त्याला बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या, गिटारसारख्या वाद्याची जोड दिली. रांचेरा, म्हणजे मेक्सिकन खेड्यापाड्यांतलं भावनेने भरलेलं गाणं, होतीच; कोलंबियातून निघालेली कुंबिया ही नाचाची लय मेक्सिकोमार्गे येऊन मिळाली. १९८० च्या दशकात ला माफिया, माझ यांच्यासारख्या बँडांनी की-बोर्ड पुढे आणले आणि अकॉर्डियन किंवा ब्रासचं काम सिंथेसायझरकडे गेलं. सेलेनाच्या बँडचा, म्हणजे ‘लोस दिनोस’चाही भार मुख्यतः की-बोर्डवर होता.

हे नाचाचं संगीत आहे, आणि हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे. डान्स हॉलमध्ये जोडपी फरशीभर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत नाचतात. गायक चांगला की वाईट ते फरशी भरते की नाही यावरून ठरतं. लग्न, पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, शनिवारचा हॉल, जत्रेतला मांडव: बँडचं पोट यावर चालतं. रेकॉर्ड निघते ती पुढच्या शनिवारी हॉल भरावा म्हणून.

किंतानिया कुटुंब याच वाटेने आलं. वडील एब्राहम तरुणपणी ‘लोस दिनोस’ नावाच्याच गटात गायचे. पुढे त्यांनी लेक जॅक्सन गावात ‘पापागायोज’ नावाचं मेक्सिकन खानावळवजा रेस्टॉरंट काढलं आणि तिथे मुलांना गायला-वाजवायला उभं केलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत ते बुडालं. कुटुंब कॉर्पस क्रिस्टीला आलं आणि गाणं, जे हौस म्हणून सुरू झालं होतं, तेच चूल पेटती ठेवायचं साधन झालं. थोरला भाऊ ए. बी. बासवर, बहीण सुझेट ड्रम्सवर, धाकटी सेलेना माइकसमोर. ‘बिग बर्था’ नावाची जुनी बस घेऊन ते टेक्सासभर हिंडले. १९८९ मध्ये ईएमआय लॅटिन या रेकॉर्ड कंपनीचे होसे बेहार यांनी तिला करारबद्ध केलं, तोवर ती आठ-नऊ वर्षं मंचावर उभी राहिलेली होती. स्टुडिओत पाऊल टाकणाऱ्या मुलीच्या अंगात हॉल मुरलेला होता.

तरीही स्टुडिओने तिला जे दिलं ते कमी लेखायला मी तयार नाही. तिच्या चाहत्यांमध्ये एक मत पक्कं आहे की खरी सेलेना मंचावरचीच, रेकॉर्डवरची म्हणजे तिची सावली. हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यात ए. बी. किंतानियावर अन्याय होतो. गाणी रचणारा, बांधणारा, निर्माता तोच. ‘कोमो ला फ्लोर’ घ्या. १९९२ च्या ‘एन्त्रे आ मी मुंदो’ अल्बममधलं हे गाणं, ए. बी. आणि पीट आस्तुदियो यांनी मिळून लिहिलेलं. कार्यक्रमाच्या जागी उजळणारी प्लास्टिकची गुलाबं विकणारं एक कुटुंब ए. बी. ने पाहिलं होतं, ते डोक्यात राहिलं आणि कित्येक वर्षांनी त्याचं गाणं झालं. रेकॉर्डवर ते तीन मिनिटांत आटपतं. की-बोर्डची ओळ, लगेच कुंबियाचा ठेका, लगेच आवाज. प्रेम दुसऱ्याकडे गेलंय, फूल कोमेजलंय, आणि हरलेली बाई निमूट निघून जातेय. दुःखाचे शब्द आणि पाय थिरकवणारी चाल. ही गंमत कागदावर जमून येत नाही. कुठला आवाज पुढे, कुठला मागे, बास किती जाड, हे खोलीत बसून, पुन्हा पुन्हा ऐकून ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट भाषेची. सेलेना इंग्रजी बोलत वाढली. स्पॅनिश गाणी सुरुवातीला तिने उच्चार घोकून म्हटली. वडील शब्द सांगायचे, अर्थ सांगायचे, ती पाठ करायची. घोकलेल्या भाषेत गाणाऱ्या माणसाला स्टुडिओ हा मोठा आधार असतो. ओळ चुकली तर पुन्हा म्हणता येते. एखादं अक्षर बोथट लागलं तर तेवढंच नव्याने घेता येतं. मंचावर ती सोय नाही, तिथे घोकलेलं गळ्यात उतरलेलं असावं लागतं.

आता त्या रविवारकडे. मेमोरियल कोलिझियम ही १९५० च्या दशकातली वास्तू, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेली. अर्ध्या पिंपासारखं वळलेलं छत आणि आत एकही खांब नाही. असं छत आवाज मुकाट्याने गिळत नाही, परत खाली टाकतं. अशा जागी कार्यक्रम करणं वेगळं आणि तो टेपवर नीट पकडणं वेगळं.

स्टुडिओत प्रत्येक वाद्य आपापल्या चौकटीत असतं. ड्रम्स एका दिवशी, की-बोर्ड दुसऱ्या दिवशी, आवाज सगळ्यात शेवटी, आणि गायिकेच्या कानात हेडफोन. तिच्या माइकवर फक्त ती असते. मंचावर तिच्या माइकमध्ये मागचे ड्रम्स शिरतात, शेजारच्या गिटारच्या अँपचा आवाज शिरतो, पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून तिचाच आवाज पुन्हा तिच्याकडे येतो, आणि या सगळ्यावर प्रेक्षक. ध्वनिमुद्रण करणारी माणसं याला गळती म्हणतात. एका ट्रॅकचा, म्हणजे एका माइकच्या मुद्रणाचा, आवाज वाढवला की त्याच्याबरोबर चार गोष्टी वर येतात. झांज जरा कमी करावी म्हटलं तर ती गायिकेच्या माइकमध्येही बसलेली असते, तिथून तिला काढता येत नाही. म्हणून कार्यक्रमाचं मिक्सिंग म्हणजे सारखी तडजोड. स्टुडिओत मिळणारी काचेसारखी स्वच्छता इथे मागायचीच नाही.

मग ‘लाइव्ह!’मध्ये मिळतं काय?

मला त्यात सगळ्यात आधी मिळतो तो बँडचा एकजीवपणा. ‘बायला एस्ता कुंबिया’ किंवा खटारा गाडीवरचं ‘ला कार्काचा’ ही गाणी स्टुडिओतल्या रूपात जरा पातळ वाटतात. त्या काळच्या सिंथेसायझरचा आवाज आज ऐकताना प्लास्टिकचा लागतो, हे मान्य करायला हवं. मंचावर तेच की-बोर्ड आहेत, पण खाली ए. बी. चा बास आणि सुझेटचे ड्रम्स एकमेकांकडे बघत वाजतायत. वर्षाकाठी कित्येक रात्री एकत्र वाजवलेले बहीण-भाऊ आहेत ते. ठेका पुढे ढकलायचा कधी आणि मागे रेलायचा कधी, हे त्यांना बोलावं लागत नाही. सेलेनाचा नवरा ख्रिस पेरेझ गिटारवर. त्याचा मूळ पिंड रॉकचा, आणि मंचावर तो दबत नाही. कुंबियाच्या मधोमध त्याची मुद्दाम खरखरीत केलेली गिटार अशी घुसते की ते गाणं टेक्सासचंच आहे हे सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे बोलणं. गाण्यांच्या मधे ती प्रेक्षकांशी बोलते, अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी, कधी एकाच वाक्यात दोन्ही. समोरचे लोकही घरी असंच बोलणारे. आजीशी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि भावंडांशी जे तोंडात येईल ते. स्टुडिओतलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत शुद्ध स्पॅनिशमध्ये असतं. ते ज्यांच्यासाठी होतं त्यांची खरी बोली रेकॉर्डवर फक्त या मधल्या जागांत सापडते.

तिसरी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. ‘के क्रेइआस’ नावाचं एक रांचेरा वळणाचं गाणं आहे. अर्थ साधारण ‘तुला काय वाटलं होतं?’ फसवून गेलेला पुरुष परत आलाय आणि बाई त्याला दाराबाहेर उभं करून सुनावतेय. स्टुडिओत हे एक चांगलं, बंदिस्त गाणं आहे. मंचावर सेलेना गाण्याआधी प्रेक्षकांतून एका पुरुषाला वर बोलावते. तो बिचारा कोण, कुठला, काही माहीत नसतं. ती त्याला फसवणाऱ्या प्रियकराच्या जागी उभा करते, त्याने काय काय केलं ते सगळ्यांना सांगते, आणि मग गाणं त्याच्या तोंडावर गाते. समोरच्या बायका खूश होऊन ओरडतात. गाण्यातला ‘तू’, जो रेकॉर्डवर नुसतं सर्वनाम असतो, त्याला आता हात-पाय आहेत, तो लाजतोय, खाली बघतोय. तिचा आवाजही बदलतो. सुनावण्याच्या ओळीत ती थांबते, त्याच्याकडे बघते, हशा येऊ देते आणि मग पुढची ओळ टाकते. हा थांबा किती लांब असावा ते हशा ठरवतो. स्टुडिओत असा थांबा घेतला तर ऐकणाऱ्याला वाटेल टेप अडकली.

आता त्या तीन गाण्यांकडे वळतो, कारण प्रकरणाची गाठ तिथे आहे.

कंपनीने ती का जोडली असावीत हे समजायला फार डोकं लागत नाही. मंचावरची बहुतेक गाणी लोकांनी आधी रेकॉर्डवर ऐकलेली, विकत घेतलेली. रेडिओला नवीन काहीतरी हवं असतं. शिवाय टाळ्या, हाका, लांबलेली सुरुवात, मधलं बोलणं यांसकट गाणं रेडिओच्या साच्यात बसत नाही; निवेदकाला तीन मिनिटांत सुरू होऊन संपणारी वस्तू लागते. म्हणून तीन नवी गाणी खोलीत बसून केली आणि त्याच अल्बमवर घातली. हिशेब बरोबर ठरला. तिन्ही गाणी अमेरिकेतल्या लॅटिन गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या पाचांत पोचली. एमिलिओ नावायरा हा तेव्हा तेहानोतला पुरुषांमधला मोठा तारा, त्यामुळे त्या युगुलगीताला दोघांचे चाहते मिळाले.

याला फसवणूक म्हणावं का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण नैतिक नसून व्यवहारातलं आहे. या संगीतात स्टुडिओतलं गाणं हे आवतण असतं. ते रेडिओवरून घराघरांत जातं आणि सांगतं, शनिवारी या. जेवण मात्र हॉलमध्येच. ‘लाइव्ह!’मध्ये आवतण आणि जेवण एकाच पाकिटात आलं. ज्याने ‘नो देबेस हुगार’ रेडिओवर ऐकून कॅसेट घेतली, त्याच्या घरी त्या तीन गाण्यांसोबत कोलिझियमचा तो रविवारही पोचला. मेक्सिकोतल्या, कॉर्पस क्रिस्टी कधीच न पाहिलेल्या माणसालाही कळलं की ही मुलगी समोर उभी राहिली की काय होतं.

पण एक खटकतं ते सांगितलंच पाहिजे. ग्रॅमीने नेमकं कशाला पारितोषिक दिलं? अल्बमला, एवढंच उत्तर आहे. मंचावरचं गाणं आणि बंद खोलीतलं गाणं एकाच तराजूत तोलण्याची ही पद्धत नंतरही चालूच राहिली. मेक्सिकोचे रांचेरा गायक विसेन्ते फर्नांदेझ यांनी १६ एप्रिल २०१६ ला मेक्सिको शहरातल्या अस्तेका स्टेडियममध्ये निरोपाचा कार्यक्रम केला, तोही फुकट. ७६ वर्षांचे फर्नांदेझ चार तासांहून जास्त गायले. तुम्ही टाळ्या वाजवायचं थांबत नाही तोवर मी गायचं थांबत नाही, हा त्यांचा प्रेक्षकांना दिलेला जुना शब्द होता आणि त्या रात्री तो अक्षरशः पाळला गेला. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाला २०१७ मध्ये प्रादेशिक मेक्सिकन संगीताचं ग्रॅमी मिळालं. आता चार तास उभं राहून, ८०,००० हून अधिक लोकांसमोर, वयाने जड झालेल्या गळ्याने गायलेलं गाणं आणि एखाद्या तरुण बँडने महिनाभर स्टुडिओत घासून-पुसून आणलेलं गाणं यांची तुलना कशी करायची? मारियाचीत, म्हणजे फर्नांदेझ ज्याच्या साथीने गात त्या मेक्सिकन वाद्यवृंदात, निदान वाद्यं तरी तीच राहतात. व्हायोलिन, ट्रम्पेट, विउएला ही छोटी गिटार, गिटारोन ही खर्जातली मोठी गिटार, सगळी लाकडाची आणि पितळेची. खोलीत वाजवा नाहीतर मैदानात. तेहानोत वाद्यांचा पोतच विजेवर अवलंबून, त्यामुळे दोन जागांमधलं अंतर आणखी वाढतं. मंचावरच्या ध्वनिमुद्रणाला वेगळा विभाग असावा असं मला मनापासून वाटतं.

वाट नेहमी स्टुडिओकडून मंचाकडेच जाते असंही नाही. ‘बिदी बिदी बोम बोम’ उलट दिशेने आलं. वादक जमलेत, सूर जुळतायत, आणि सेलेना सहज काहीतरी गुणगुणतेय. तेव्हा त्यात समुद्रात मजेत पोहणारा एक मासा होता आणि इंग्रजी बुडबुड्यांची काहीतरी बडबड होती. ख्रिसने त्यावर गिटार धरली. खेळता खेळता त्याला आकार येत गेला, मग शब्द बदलले, मासा गेला आणि आवडता मुलगा जवळून जाताना धडधडणारं काळीज आलं. १९९४ च्या ‘आमोर प्रोहिबिदो’ अल्बममध्ये ते पक्कं झालं. त्या नावातल्या शब्दांना अर्थ नाही, तो नुसता छातीतला ठोका आहे. टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला हे सुचलं नसतं असं मी म्हणणार नाही, पण सुचलं ते मोकळं सोडलेल्या गळ्याला. आणि टिकलं ते स्टुडिओत कुणीतरी ते तीन-साडेतीन मिनिटांत बांधलं म्हणून.

कोलिझियमनंतर दोन वर्षांनी ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम आलं. २६ फेब्रुवारी १९९५, पुन्हा रविवार. ह्यूस्टनचा पशुमेळा आणि रोडिओ हा टेक्सासातला मोठा उत्सव, त्यातला एक दिवस तेहानोंचा. ६०,००० हून अधिक माणसं. सेलेना घोडागाडीतून मैदानात आली, अंगात तो जांभळा चमकदार पोशाख. सुरुवात तिने डिस्को गाण्यांच्या इंग्रजी मालिकेने केली. लहानपणी रेडिओवर ऐकून वाढलेली गाणी होती ती, कुठल्याच अल्बमवर तिने गायलेली नव्हती. मग सगळा तेहानो.

ध्वनिमुद्रणाच्या अंगाने ही जागा कोलिझियमच्या अगदी उलट. रोडिओ म्हणजे बैल आणि घोडे, म्हणून खाली मातीचं मैदान. फिरता मंच मधोमध, आणि प्रेक्षक चहूबाजूंनी दूर, उंच सज्ज्यांत. तीन हजारांच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या बाईची हाक माइकमध्ये सुटी ऐकू येते. इथे येते ती लाट. शिवाय वर बंद घुमट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत शंभर मीटरवर धरली तर तिथे आपटून परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मिनिटाला नव्वद ठोक्यांची कुंबिया धरली तर दोन ठोक्यांमधलं अंतरही साधारण तेवढंच. म्हणजे ड्रमचा एक ठोका पडून पुढचा पडायच्या बेताला मागचा भिंतीवरून परत येतो. त्यात लय सांभाळायची तर कानावर भरवसा ठेवून चालत नाही, हाताला ठेका माहीत असावा लागतो.

तिथे शेवटचं गाणं ‘कोमो ला फ्लोर’. तीन मिनिटांच्या त्या गाण्याचं मंचावर काय झालं होतं ते इथे दिसतं. ठेका नाही. वाद्यं जेमतेम सूर धरून. ती ध्रुवपदाचे शब्द एकेक करून, संथ, मोकळ्या लयीत सोडते आणि थांबते, घुमट तिचे शब्द तिला परत देतो, सज्जे पुढची ओळ म्हणतात. मग ती वेदनेच्या त्या उद्गारापाशी येते आणि आवाज लांबवते, हात हवेत फिरवत. साठ हजार माणसं आता ठेका येणार, आता येणार म्हणून श्वास रोखून. आणि मग कुंबिया पडते. रेकॉर्डवर दुःख आणि नाच एकमेकांत मिसळलेले आहेत. मंचावर तिने ते सुटे केले, आधी दुःख पुरतं पाजलं आणि मग नाचायला मोकळं केलं. ही मांडणी कुठल्या एका रात्री सुचलेली नसणार. हॉलमागून हॉल गाताना लोक कुठे गप्प होतात, कुठे सोबत गातात, हे बघत ती घडली असणार. मी स्टुडिओतलं आणि हे, दोन्ही लागोपाठ ऐकतो तेव्हा मला स्टुडिओतलं गाणं कमी वाटत नाही, पण ते सुरुवातीचं वाटतं. बंदिश ती, हे भरलेलं गाणं.

३३ दिवसांनी, ३१ मार्च १९९५ ला, कॉर्पस क्रिस्टीत तिच्या फॅन क्लबच्या माजी अध्यक्ष बाईने तिच्यावर गोळी झाडली, आणि त्यातच ती गेली. २४ वर्षं पुरी व्हायला दोन आठवडे उरले होते.

त्यानंतर तिच्या गाण्याचं जे झालं ते या प्रकरणाचा शेवटचा आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. त्याच जुलैमध्ये ‘ड्रीमिंग ऑफ यू’ आला आणि अमेरिकेतल्या अल्बमांच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात नवी इंग्रजी गाणी होती, आणि जुन्या स्पॅनिश गाण्यांची नव्याने सजवलेली रूपंही. पुढे २०१२ मध्ये तिच्या आवाजाभोवती नवा वाद्यवृंद बांधून, आजच्या गायकांना शेजारी उभं करून एक अल्बम निघाला. २०२२ मध्ये ‘मूनचाइल्ड मिक्सेस’ आला: किशोरवयात तिने गायलेली गाणी, आणि तिचा आवाज संगणकावर खाली उतरवून, मोठ्या बाईचा वाटेल असा केलेला. चाहत्यांत दोन तट पडले. भावाला बहिणीचा आवाज मोठा झालेला ऐकावासा वाटला, यात न कळण्यासारखं काय आहे? मी त्याला दोष देऊ शकत नाही. पण तो आवाज तिचा नाही, हेही तेवढंच खरं.

हे शक्य झालं ते स्टुडिओतल्या स्वच्छतेमुळे. खोलीत एकटी गायलेली ती, तिच्या ट्रॅकवर तिच्याशिवाय काही नाही, म्हणून तिला उचलून कुठेही नेता येतं, कुठल्याही ठेक्यावर, कुणाच्याही शेजारी, हव्या त्या वयात. अ‍ॅस्ट्रोडोमचा कार्यक्रम २००१ मध्ये स्वतंत्र अल्बम म्हणून निघाला, आणि तिथे ही मोडतोड सोपी नाही. तिच्या माइकमध्ये घुमट आहे, भावाचा बास आहे, बहिणीचे ड्रम्स आहेत, साठ हजार लोक आहेत. जी गळती म्हणून ध्वनिमुद्रक आयुष्यभर कपाळाला हात लावतो, तिनेच त्या गाण्याला त्याच्या रात्रीशी बांधून ठेवलंय. आता यंत्रं आवाज सोडवण्यात फार पटाईत झाली आहेत. गर्दीतून एकटा गळा बाहेर काढणं दहा वर्षांपूर्वी होतं तेवढं अवघड राहिलेलं नाही. उद्या कुणीतरी ‘लाइव्ह!’मधली सेलेनाही त्या तीन हजारांतून वेगळी काढेल. काढू नये असं मला वाटतं.

मेमोरियल कोलिझियम २०१० मध्ये पाडलं. समुद्रकाठची ती जागा आता मोकळी झाली आहे, आणि पिंपासारखं छत गेलं. ‘के क्रेइआस’ला त्या रविवारी जो हशा पडला तो त्या छताला लागून परत आला होता, आणि रेकॉर्डवर तो सेलेनाच्या पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर अजून सांडलेला ऐकू येतो.